कवळीवाले आणि निळा मासा

माझ्या स्वयंपाकघराच्या छताला मीठ फुटलं, तिथून आमची ओळख सुरू झाली.

पाणी गळतं हे मी समजू शकते. इमारत जुनी आहे. वरच्यांचा नळ बिघडला की खालच्यांनी बादली लावायची, हे आम्ही सगळे मुकाट्याने करत आलोय. पण हा डाग वाळला तेव्हा त्याच्या कडेने पांढरी, खरखरीत रेघ उमटली. मी स्टुलावर चढले, बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. चक्क मीठ! आता समुद्र कुठे आणि माझं स्वयंपाकघर कुठे. मी तशीच तणतणत जिना चढले.

दार उघडलं ते एका उंच, किंचित पोक आलेल्या माणसाने. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, दोन्ही हात निथळताहेत, नखांच्या कडांत गुलाबी पूड. "तुमचं पाणी माझ्या छतातून गळतंय आणि ते खारट आहे," मी म्हणाले. यावर कुठलाही शहाणा माणूस आधी माफी मागेल. हे गृहस्थ खूश झाले. "खारट? म्हणजे परतीच्या नळीतूनच जातंय! मी कधीचा शोधतोय, सिस्टर!" असं म्हणत ते आत पळाले आणि पालथे पडून एका बुटक्या कपाटात अर्धे शिरले. मी जन्म वॉर्डात काढला, त्यामुळे इमारतीत सगळे मला सिस्टरच म्हणतात. पण इतक्या आनंदाने कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. भांडायला गेलेली मी दारात उभी राहून नुसते त्यांच्या चपलांचे तळवे बघत राहिले.

ते कवळ्या बनवायचे. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत दिवसभर मेण, प्लॅस्टर आणि हिरड्यांसाठीची ती गुलाबी पूड घेऊन बसायचं आणि कधी न पाहिलेल्या माणसांच्या तोंडात नीट बसतील असे दात घडवायचे. म्हणून इमारतीत त्यांचं नाव कवळीवाले. घरी एकटे. एकटी मीही आहे, पण माझ्या एकटेपणाला निदान तोंड आहे. दूधवाल्यापासून वीजमीटर बघायला येणाऱ्यापर्यंत कोणालाही मी बोलल्याशिवाय सोडत नाही. कवळीवाल्यांच्या घरात बोलणारं काहीच नव्हतं. भर दुपारी त्यांच्या दारावरून गेलं तरी फक्त पाण्याची बारीक खळखळ ऐकू यायची.

ती खळखळ टाकीची. खाऱ्या पाण्याची टाकी, माझ्या शिलाई मशीनच्या टेबलाएवढी लांब, त्याहून मोठी नाही. आत दगड, दगडांवर जिवंत प्रवाळ, पाण्याच्या झोताबरोबर सावकाश डुलणारं. खालच्या कपाटात आणखी एक साधी टाकी, तिथे पाणी उतरायचं, गाळलं जायचं आणि पंप ते पुन्हा वर ढकलायचा. एवढा सगळा पसारा आणि मासे इतके थोडे, की मला वाटलं बाकीचे मेले असावेत.

"यात अजून दहा तरी मावतील," मी म्हणाले.

"मावतील," कवळीवाले म्हणाले. "राहणार नाहीत."

मग त्यांनी मला बसवून घेतलं आणि सांगायला सुरुवात केली. एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस, माशांवर आला की थांबेना. मासा दुकानात बोटाएवढा दिसतो, पण पुढे तो केवढा होणार हे आधी बघायचं. तो राहतो कुठे हे बघायचं, तळाशी, फटीत की मोकळ्या पाण्यात, कारण दोघांना एकच फट आवडली की संपलं. प्रवाळ कुरतडणारा नको, कोळंबी खाणारा नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी कोण आणि मागून कोण. भित्र्याला पहिल्यांदा सोडायचं, त्याला घर सापडू द्यायचं. दांडगोबा शेवटी. उलट झालं तर आधी आलेला अख्ख्या टाकीवर हक्क सांगतो आणि मागून आलेल्याला जगू देत नाही.

"मोठ्या समुद्रात हरलेला पळून तरी जातो, सिस्टर. इथे जाणार कुठे? चारी बाजूंनी काच."

"एकमेकांना पाण्यात बघणं आमच्या वॉर्डातही चालायचं," मी म्हणाले. ते हसले नाहीत. माशांच्या बाबतीत त्यांना विनोद चालत नसे.

एकदा मी त्यांच्याबरोबर दुकानातही गेले. एका पिवळ्या माशापुढे हे पाठीमागे हात बांधून इतका वेळ उभे, की माझ्या पायांना मुंग्या आल्या. मासा खातो कसा ते बघायचं होतं, म्हणून त्याला खायला घालायला लावलं. मग शेजारच्याशी वागतो कसा ते बघायचं होतं. शेवटी दुकानवाल्या बाई वैतागल्या. "अहो, मासा नेताय की लग्न जमवताय?" कवळीवाले गंभीरपणे म्हणाले, "लग्न बरं. त्यात निदान घराबाहेर पडता येतं," आणि मासा न घेताच निघाले.

तर अशा चाळण्या लावून त्यांच्याकडे जे उरले होते ते असे. तळाशी एक जाड ओठांचा, गोबी नावाचा मासा, आणि त्याच्याच बिळात राहणारी एक कोळंबी. त्या कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती बीळ खणत राहते आणि एक मिशी गोबीच्या शेपटीला टेकवून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपूट हलवतो आणि दोघं आत पसार. मधल्या पाण्यात एक फायरफिश, पुढून पांढरा, मागून निखाऱ्यासारखा, आणि इतका भित्रा की मी शिंकले तरी फटीत शिरायचा. घाबरला तर उडी मारून थेट जमिनीवर पडेल म्हणून टाकीवर जाळी लावलेली. आणि एक मोठी जोकर मासोळी, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांची. तिचा जोडीदार नुकताच गेला होता.

तिला जोडीदार आणायचा हा महिनोन् महिने चाललेला विषय. बरोबरीचा आणला तर ही त्याला मारणार. म्हणून मुद्दाम नखाएवढं पिल्लू निवडलं, जे समोर येताच शरण जाईल. ते सोडायच्या दिवशी मला वर बोलावलं. मला वाटलं पिशवी फोडतील आणि टाकतील आत. पण कवळीवाल्यांनी आधी बाही वर केली, टाकीत हात घातला आणि सगळे दगड इकडचे तिकडे केले. गुहा होती तिथे मैदान, मैदान होतं तिथे डोंगर. मोठी मासोळी पिसाटल्यासारखी घिरट्या घालायला लागली. तिचा कोपरा कुठे गेला तेच तिला कळेना.

"हे कशाला?" मी विचारलं. "बिचारीचं घर मोडलंत की."

"म्हणूनच. आता तीही नवी, तोही नवा. दोघांनाही जागा शोधायचीय. भांडायला सवड नाही." मग त्यांनी पिल्लू सोडलं. मोठीने त्याला एकदा हुंगल्यासारखं केलं आणि पुन्हा आपला हरवलेला कोपरा शोधायला निघून गेली.

त्या दिवशी ओले हात पुसता पुसता ते बोलले. बायको मुलीला घेऊन निघून गेली होती, मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास. मी नर्स आहे, मनात आलं ते मी सरळ विचारलं. दारू? नाही. मारहाण? नाही. दुसरी कोणी? ते दचकले, छे म्हणाले.

"कपाचा कान उजवीकडे हवा. खिडकी एवढीच उघडी हवी. टॉवेल असाच वाळत घालायचा. ती काहीतरी हलवायची, मी ते परत जागेवर ठेवायचो. ओरडलो कधीच नाही. नुसतं परत ठेवायचो." हातातल्या टॉवेलची घडी घालत म्हणाले, "मी कोणावर हात उगारला नाही, सिस्टर. मी फक्त जागा सोडली नाही."

मी खाली सांडलेलं पाणी पुसायला घेतलं.

मग एका संध्याकाळी ते माझ्याकडे खाली आले. हे स्वतःहून येणारे नव्हेत. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, चहा नको म्हणाले, मग घेतला. मुलीला याच शहरात नोकरी लागली होती, कानांच्या दवाखान्यात, माणसांना किती ऐकू येतं ते तपासायची. खोली मिळेपर्यंत बापाकडे राहू का, असं तिने विचारलं होतं.

"वा!" मी म्हणाले. "बाप दातांचा, लेक कानांची, उरलेल्या शरीराला मी आहेच. दवाखानाच काढू."

या वेळी ते हसले. मग कपाकडे बघत म्हणाले, "खोली मिळेपर्यंत म्हणतेय. पण राहिली तर बरं होईल." हे इतक्या हळू, जणू कोणाच्या तरी ताटातलं मागताहेत. "तुम्हाला खाली सगळं ऐकू येतं. मी पुन्हा तसा वागायला लागलो तर मला कळणार नाही. तुम्ही सांगाल?"

सांगेन म्हणाले. सांगणं हा माझा जन्मजात गुण आहे.

त्या रविवारी सकाळपासून माझ्या डोक्यावर गडगडाट सुरू झाला. कपाट ओढल्याचा, पलंग फिरवल्याचा, काहीतरी जड आपटल्याचा. माझ्या दिव्याची शेड हलायला लागली तेव्हा मी केरसुणी हातात घेऊनच वर गेले. कवळीवाले घामाघूम उभे होते. झोपायची खोली बैठकीत आली होती, जेवायचं टेबल खिडकीशी गेलं होतं, त्यांची वर्षानुवर्षांची खुर्ची कोपऱ्यातून निघून भलत्याच भिंतीला लागली होती. मोठी खोली मुलीसाठी रिकामी केली होती. टाकी तेवढी जागच्या जागी.

"दगड हलवतोय," ते म्हणाले.

मला हसू आवरेना. केरसुणी टेकवून मी त्यांना टेबलाचं दुसरं टोक धरू लागले.

मुलगी आली. बापासारखीच उंच, पण हसरी, आणि मला पहिल्याच दिवशी मावशी करून टाकणारी. सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. कवळीवाले स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे वावरायचे. गुडघा टेबलावर आपटायचा, चष्मा सापडायचा नाही, पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात जायचे आणि न्हाणीघराचं दार उघडायचे. मुलगी खो खो हसायची. छतातून हसणं गळण्याची माझी ही पहिलीच वेळ. मी रेडिओ बंद करून ऐकत बसायचे, खोटं कशाला बोलू.

मग एके दिवशी वर काहीतरी सरकलं. छोटासा आवाज, खुर्चीच्या पायांचा. मी ओळखला. खुर्ची तिच्या जुन्या कोपऱ्याकडे हातभर गेली होती.

जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं. "हो, जराशी," ते म्हणाले. "डोळ्यावर उजेड येत होता." पुढच्या आठवड्यात कपाट. "दार अडत होतं, सिस्टर." मग टेबल. "वायर पायात यायची." मी प्रत्येक वेळी सांगितलं, त्यांनी प्रत्येक वेळी ऐकून घेतलं आणि प्रत्येक वेळी कारण बिनतोड. वायर खरंच पायात येत होती. मीच अडखळले होते एकदा. हळूहळू वरचं घर पुन्हा पूर्वीसारखं लागलं, आणि मुलीचा आवाज मोठ्या खोलीतून फारसा बाहेर येईनासा झाला. कप विसळायची ती. मग तिच्या मागोमाग दुसरी पावलं स्वयंपाकघरात जायची, कपबशीचा एकदाच आवाज व्हायचा, आणि ती पावलं परत यायची. त्याचा अर्थ मला नीट कळत होता.

निळा मासा आला तेव्हा मी वरच होते. चहा नुकताच ओतला होता. मुलगी कामावरून आली ती कोटाची बटणं गच्च लावून, एक हात छातीशी धरून. "बाबा, डोळे मिटा." कवळीवाल्यांनी मिटले. तिने कोटाच्या आतल्या खिशातून पाण्याने भरलेली पिशवी काढली. ऊब मिळावी म्हणून अंगाशी धरून आणली होती, त्यांच्याकडूनच ऐकून शिकलेली. आत एक बोटभर मासा, गॅसच्या ज्योतीसारखा निळा. मला तर बघताक्षणी आवडला.

"उघडा!"

त्यांनी डोळे उघडले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, म्हणून मला दिसलं की पहिल्यांदा त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मग पिशवीकडे पाहिलं.

"मीच निवडला," ती म्हणाली. "कोणासाठी ते दुकानातल्या बाईंना सांगितलंच नाही, नाहीतर तुम्हाला कळलं असतं. तासभर उभी होते, तुमच्यासारखी. हा सगळ्यांत चपळ होता. बाकीचे सगळे याला वाट देत होते."

"वाट देणारच," कवळीवाले म्हणाले. "डॅमसेल आहे हा, जातच भांडकुदळ. फायरफिशला जाळीपर्यंत पिटाळेल. त्या पिल्लाला मारेल. आपल्याकडे नाही चालणार."

आवाज अगदी शांत. शब्दन् शब्द खरा. मुलीच्या हातातली पिशवी अजून वर धरलेली तशीच होती.

"मी विचारायला हवं होतं का?"

"हो," ते म्हणाले.

मग त्यांनी तिच्या हातून पिशवी घेतली, पाणी गार होतंय म्हणाले, कोट चढवला आणि तसेच परत करायला निघून गेले. चहा टेबलावर निवत राहिला. मुलीने जाऊन खिडकी थोडी जास्त उघडली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा होती तेवढी लावली.

"आई म्हणायची, बाबांचं कधीच काही चुकत नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, ती कौतुक करतेय."

तिला दवाखान्याजवळ खोली मिळाली. भांडण नाही, रडारड नाही. माझ्या पाया पडायची वेळ आल्यासारखी दारात येऊन उभी राहिली, मग एकदम मला मिठी मारली आणि गेली. वरून काहीही सरकल्याचा आवाज आला नाही. सरकायचं काही उरलंच नव्हतं. पुन्हा फक्त ती खळखळ, आणि ती आता मला ऐकवेना. मी दिवसभर रेडिओ लावून ठेवायला लागले.

कवळीवाले जिन्यात दिसले तेव्हा मी त्यांना कठड्याशी गाठलं.

"मासा चुकीचा होता, मान्य. तरी एक रात्र बादलीत ठेवायचात. मुलीबरोबर चहा प्यायचात. तिने कसा निवडला ते ऐकायचंत. सकाळी परत केला असतात तर कोण मरत होतं?"

"बादलीत रात्रभर हवा पुरत नाही, त्यासाठी छोटा पंप—"

"गप्प बसा!" मी ओरडले. वॉर्डातला आवाज, कित्येक वर्षांनी निघाला. खालच्या मजल्यावरचं एक दार उघडलं आणि पटकन बंद झालं. "तासभर उभी होती ती तिथे. तुमच्यासारखी! आयुष्यात तुमचं काहीतरी एक तिला घ्यावंसं वाटलं आणि तुम्ही ते पिशवीसकट परत करून आलात."

ते वळले. कठड्यावर हात ठेवून एकेक पायरी चढत गेले. मला वाटलं, जरा जास्तच झालं का. मग वाटलं, नाही, झालं ते बरोबरच झालं. तरी त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस त्यांनी मला टाळलं. मग एका सुट्टीच्या दिवशी वर ड्रिल सुरू झालं. भिंत भेदतच होते. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. दुपारी माझ्या स्वयंपाकघरात टप्प करून थेंब पडला. चव घ्यायची मला गरज नव्हती. मी वर गेले.

मोठ्या खोलीत, मुलीच्या रिकाम्या टेबलावर, एक नवी टाकी होती. पहिलीच्या निम्मी. तळाशी वाळू, बाजूला दगडांची बादली तशीच भरलेली. आणि पाण्यात एकटाच तो निळा मासा, या काचेपासून त्या काचेपर्यंत तरातरा जातोय. कवळीवाल्यांच्या केसांत भिंतीची पूड होती.

"तोच?" मी विचारलं.

"तोच. बाईंनी वेगळ्या डब्यात ठेवला होता. जाईल तिथे मारामाऱ्या."

भिंतीला खाली एक भोक होतं आणि त्यातून दोन नळ्या पलीकडे गेल्या होत्या. एक टेबलावरून उतरून, एक परत वर येऊन. मी पलीकडे जाऊन पाहिलं. नळ्या जुन्या टाकीच्या खालच्या कपाटात शिरत होत्या.

"एकच पंप," ते म्हणाले. "दोन्हीकडचं पाणी खाली एकत्र येतं आणि परत दोन्हीकडे जातं. टाक्या वेगळ्या. मारामारी होत नाही." सांध्यावर फडकं दाबत ते पुढे म्हणाले, "पण पाणी एकच."

मी माझ्या थेंबाबद्दल बोलले नाही.

"तिला तुम्ही फोन कराल का, सिस्टर?"

"मी का करू? मासा कोणी परत केला?"

त्यांनी फोन केला. मी तिथेच उभी राहिले, कारण पाठ फिरवली असती तर ठेवून दिला असता. बराच वेळ पलीकडे घंटी वाजत असावी. मग ते म्हणाले, "मी बोलतोय. तुझा मासा आणलाय परत. दगड लावायचेत अजून." एवढंच. मग ऐकत राहिले. मग "बरं" म्हणाले. फोन ठेवला आणि पुन्हा सांध्यावर फडकं दाबायला बसले.

ती पुढच्या रविवारी आली. कोट न काढताच मोठ्या खोलीच्या दारात उभी राहिली. नळ्या कुठून कुठे जातात ते तिने बोटाने भिंतीवर गिरवत गिरवत पाहिलं, पलीकडे जाऊन कपाट उघडून पाहिलं, परत आली. माशासमोर ती खाली वाकली तेव्हा तो तिच्यावरही धावून आला, आणि काचेवर आपटला.

"एकटाच राहणार का हा?"

"त्याला स्वतःची जागा लागते," कवळीवाले म्हणाले. "त्यात त्याची काही चूक नाही."

मग तिने कोट काढला, बाही वर केली. बादलीतला सगळ्यात मोठा दगड उचलला आणि बापाकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. मला माहीत होतं काय येणार, इतक्या दिवसांत मीही शिकले होते: काचेपासून चार बोटं सोडून ठेव, नाहीतर मागे पुसता येणार नाही, शेवाळ धरेल. त्यांनी तोंड मिटलं. दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

"तू ठरव," ते म्हणाले.

तिने तो दगड मागच्या कोपऱ्यात तिरका ठेवला, काचेला चक्क टेकवून. मागे सरकून पाहिलं. तिला आवडला. बाकीचे दगड त्याच्या आधाराने रचले. निळा मासा लगेच त्या तिरप्या दगडामागच्या सांदीत शिरला आणि तिथून तोंड बाहेर काढून आम्हा तिघांकडे रागाने बघायला लागला. ती हसली. कवळीवाल्यांचे खिशातले हात मुठी वळून होते, मला कापडावरून दिसत होतं.

ती परत राहायला आली नाही. ते मी लपवणार नाही, आणि ते यापुढे घडेल असंही मला वाटत नाही. तिची खोली तिला आवडते. कप हवा तिथे ठेवता येतो म्हणाली. कधी रविवारी येते, कधी नाही येत. आली की निळ्याला खायला घालते, बापाबरोबर चहा पिते आणि अंधार पडायच्या आत जाते. ती गेली की वर पुन्हा ती खळखळ सुरू राहते, आता दोन खोल्यांतून, आणि मी खाली एकटी ऐकत असते. थेंब अजून पडतो. मी त्याखाली वाटी ठेवलीय, बोलत नाही.

परवा मीठ संपलं म्हणून मागायला वर गेले होते. घर नेहमीसारखंच, कपाचे कान उजवीकडे, खिडकी होती तेवढीच. मोठ्या खोलीत डोकावले. तिरका दगड तिने ठेवला होता तिथेच काचेला टेकलेला आहे. त्याच्यामागे तळहाताएवढा हिरवा थर धरलाय, जाड, बघवत नाही असा. कवळीवाले रोज सकाळी बाकीची सगळी काच पुसतात.